जॅक मी टाकून दिला नाही, अंकुश

अंकुश, दहाव्याला नदीवर तुला जो शब्द दिला गेला तो माझा नव्हता. तो किसनतात्यांनी दिला, आणि मला न विचारता दिला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वहिनीनं शब्द मोडला असं मनात धरून बसू नकोस.

झालं असं. पिंड मांडून बराच वेळ झाला होता. कावळे समोरच्या बाभळीवर ओळीनं बसलेले, पण खाली एकही उतरेना. ऊन चढलं. मग एकेकानं उठून तुला काही ना काही कबूल करायला सुरुवात केली. पोरीला शिकवू म्हणाले, तुझ्या बायकोला, सुमनला, अंतर देणार नाही म्हणाले. सुमननं पदरात तोंड घातलं होतं. शेवटी तात्या उठले. तुझे सख्खे चुलते, भावकीत त्यांच्यापेक्षा मोठं आता कोणी नाही. हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "अंकुश, ज्या लोखंडानं तुझा जीव घेतला ते घरात ठेवत न्हाई. भंगारात घालतो. आता शीव बाबा."

आणि कावळा उतरला.

मागं बसलेल्या बायकांनी एकदम सुस्कारा टाकला. त्या घडीपासून गावाच्या लेखी तुझी शेवटची इच्छा ठरून गेली, की तो गाडी उचलायचा जॅक आपल्या घरातून जावा.

मी तिथंच विचारलं, "तात्या, जॅक तुमचा हाय का?"

"कौसाबाई, कावळा शिवला की!"

"तुमी पिंडापाशी उभं राहून मघापासून हात हलवायलात. कुठला कावळा येईल? तुमी बाजूला सरकलात, तो खाली आला. दहीभाताला शिवला."

चार माणसं हसली. दहाव्याला हसू नये, पण हसली. तू असतास तर सगळ्यात आधी तू हसला असतास. तात्यांना मात्र राग आला, आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू उघडा फिरत होतास. सासूबाई म्हणाल्या, दिराला भावजी म्हणायचं. मी म्हणाले, ज्याला स्वतःचं नाक पुसता येत नाही त्याला भावजी कसं म्हणू? तेव्हापासून तू अंकुशच राहिलास आणि अरे-तुरेतच वाढलास. तुझे दादा गेल्यावर घरात मी, तू, सुमन आणि तुझी पोरगी. माझ्या दोन्ही पोरी सासरी. लोकांना वाटायचं आता वहिनीला कोपऱ्यात बसवतील. तू तसं केलं नाहीस. भांडायला का होईना, रोज मला विचारलंस. त्याचं मला बरं वाटायचं, पण तसं तुला कधी बोलून दाखवलं नाही. आता बोलते आहे, ऐक किंवा नको ऐकू.

उसाच्या फडावर पंधरा-सोळा हंगाम काढून तुझी कंबर गेली. तेव्हा तू कोयता टाकलास आणि अंगणात मोटारसायकली दुरुस्त करायला लागलास. ऊसतोडीहून परत आलेल्या गाड्या काय अवस्थेत असतात हे ज्याला माहीत त्यालाच माहीत. चेनीत चिखल आणि पाचटाची कुसं, नट गंजून एकजीव झालेले, मागचं चाक डुगडुगतंय. त्यात आजकालची पोरं गाडी दिसायला हलकी व्हावी म्हणून डबल स्टँड काढून ठेवतात. नुसत्या साईड स्टँडवर मागचं चाक काढायचं कसं? तू सुरुवातीला इंजिनाखाली लाकडाचा ओंडका सारायचास आणि मला म्हणायचास, "वैनी, हँडल धरा." मी धरायची. एकदा हात भरून आला, तेव्हा मीच म्हणाले, आता बाजारातून जॅक आण, मी काय खांब आहे का?

अंबाजोगाईला दुकानात आपण दोघं गेलो ते मला काल घडल्यासारखं आठवतं. दुकानदारानं आधी कातरीसारखा उघडझाप होणारा लहान जॅक दाखवला. एका हातात धरून नाचवत म्हणाला, "आजी, अर्धा टन उचलतो हा."

मी म्हणाले, "उचलतो ते ठीक. उचलल्यावर धरून ठेवतो का?"

तो तुझ्याकडे बघायला लागला. तू खाली बसलास, जॅकच्या माथ्यावर हात ठेवलास आणि हलवलास. तो डुगडुगला. मग तू खिशातून सुतळी काढलीस. निघण्याआधी घरी तीन-चार गाड्यांखाली जमिनीपासून इंजिनाखालच्या नळीपर्यंतची उंची तू सुतळीवर गाठी मारून आणली होतीस. सगळ्यात ठेंगण्या गाडीची गाठ लावून बघितली तर तो लहान जॅक पूर्ण खाली बसवूनही गाडीखाली शिरला नसता. दुकानदार वैतागला, पण तू हललास नाहीस. शेवटी आतून तो रुंद बैठकीचा काढायला लावलास. त्याला वर दोन आडव्या पट्ट्या, त्यांच्यावर रबर, पायानं दाबायचा दांडा, आणि वर गेल्यावर अडकवायची जाड लोखंडी पिन. तू मला पिन दाखवून म्हणालास, "वैनी, आतलं तेल गळालं तरी ही गाडीला खाली येऊ देत न्हाई. नुसत्या तेलावर भरवसा ठेवायचा न्हाई."

म्हणून सांगते, जॅक तू चांगला निवडलास. त्याच्यात खोट काढायला मला जागा नाही. तू जागा वाईट निवडलीस.

घरी येतानाच मी म्हटलं होतं, आता अंगणात सिमेंटचा कोबा टाक. आपलं अंगण मातीचं, रोज सारवलेलं, आणि मोरीच्या अंगाला उतरतं. त्यावर कोंबड्यासुद्धा कलत्या उभ्या राहतात. तू म्हणालास, दिवाळीनंतर. दिवाळी झाल्यावर म्हणालास, टोळ्या परत आल्यावर. मग म्हणालास, "वैनी, सारवलेल्या अंगणाला बरकत असती, कोबा कशाला?" बरकतीचं तू सांगत होतास आणि सारवत होते मी.

आणि मग ती वीट आली. परळीच्या वीजकेंद्राच्या राखेची वीट, करडी, गुळगुळीत, चारी कोपरे काटकोनात. घरकुलाच्या भिंतीतून उरलेल्या विटा कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या. भिंतीत ती वीट चांगली आहे, आपलं घर त्याच विटेचं उभं आहे. पण तू ती उतरत्या बाजूला जॅकच्या पायाखाली सारायला लागलास. मला दिसायला बरी वाटली नाही म्हणून बोलले. तू विटेवर उभा राहून उड्या मारून दाखवल्यास. "बघा, काय होतंय का?" काही झालं नाही. रोजच काही झालं नाही. सगळ्या गावात हेच चालतं. पंक्चर झालं की वीट, ट्रॉलीखाली वीट, खाट हलली तरी वीट. वीट दिसली की आपल्या माणसाला वाटतं, पाया भक्कम झाला.

त्या दिवशी सकाळी सुमन कापूस वेचायला गेली होती. मी चुलीपुढं होते. कोणाच्या तरी टोळीची गाडी होती आणि मागच्या चाकाचा मोठा नट निघत नव्हता. तो नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करून घ्यायचा, मग गाडी चढवायची, हे मला शिकवणारा तूच. त्या दिवशी आधी चढवलीस. भिंतीच्या कडीला आणि खांबाला हँडल बांधायचे पट्टे खुंटीवरच राहिले. पान्याला लांब पाईप लावलास, खाली बसून दोन्ही पाय रोवलेस आणि स्वतःकडे ओढलास. मी आवाज ऐकला. पळत आले तर गाडी आडवी, आणि तू तिच्याखालून आपल्या आपण निघत होतास.

तू उठलास. अंगावरची माती झटकलीस. फूटरेस्ट डाव्या कुशीत लागला होता, तिथं नुसतं लाल झालं होतं. मी म्हणाले, दवाखान्यात चल. तू म्हणालास, "बाजरीची पोती कमी पडली का अंगावर? चहा ठिवा." चहा प्यालास. मी पुन्हा म्हणाले. तू ओरडलास, "वैनी, किती किटकिट! आन् सुमीला सांगू नका, उगं घाबरंल." मी शेजारच्या जीपवाल्याला सांगून आले, तर तू त्याला परत पाठवलास. दिवस मावळताना तुझा चेहरा चुन्यासारखा झाला. मग मात्र जीपमध्ये घातलं तेव्हा तू काही बोलला नाहीस. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, आत फाटलं होतं, पोटात रक्त साठत गेलं. सकाळी आणला असता तर बघता आलं असतं.

काही बायकांना वाटतं, मी रडत म्हणावं की मीच त्याला ओढत नेलं असतं तर. मी तसं म्हणणार नाही. मी सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस. तू पाच फूट आठ इंचांचा बाप्या आणि मी गुडघे गेलेली म्हातारी. राग आहे मला तुझा, अजून आहे. कोणी हळू आवाजात तुझं कौतुक सुरू केलं की तो जास्तच वर येतो.

आता लोक काय म्हणतात ते ऐक. ते म्हणतात लोखंड खाणारं निघालं, लोखंडानं माणूस घेतलं. असं म्हटलं की सगळ्यांची सुटका होते. तुझी चूक नाही, विटेची चूक नाही, आणि ज्यांच्या स्वतःच्या अंगणात तीच वीट आहे त्यांचीही चूक नाही. जॅक भंगारात गेला की काम संपलं. मी म्हणते, अंकुश चुकला. ज्याला त्याला म्हणते. तेराव्याला जेवायला बसलेल्यांना वाढतानाही म्हणाले. नट आधी ढिला केला नाही, पट्टा बांधला नाही, राखेची वीट घातली, आणि लागल्यावर दवाखान्यात गेला नाही. एकानं घास तसाच धरून म्हटलं, मेलेल्या माणसाला असं बोलू नये.

"मग जित्याला सांगते," मी म्हणाले. "तुमच्या दारात हाय का वीट?"

सुमन मात्र माझ्यावर उलटली. लोक गेल्यावर भांडी तशीच टाकून माझ्यापुढं उभी राहिली. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे वर बघून बोललेलं मला आठवत नाही. त्या दिवशी बोलली.

"बाई, तुमाला काय मिळतं त्यांना चुकीचं ठरवून? लोक लोखंडाला बोलायलेत तर बोलू द्या की! दोष त्यांच्यावर कावून आणता, कशापायी?"

"खरं हाय म्हणून."

"खऱ्याचं काय लोणचं घालू मी? मला त्या जॅकचं तोंड बघायचं न्हाई. तात्यांला देऊन टाका. मी जाते फडावर."

तिच्या जागी तिचं बरोबर होतं. लोखंडाचा राग करणं सोपं, कारण त्याच्याशी आपलं काही नातं नाही. पण फडावर जाते म्हणजे काय हे ती विसरली होती, की विसरायचं ठरवलं होतं, मला माहीत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. मुकादम तिला कोणाच्या तरी जोडीला लावणार, कोणाच्या ते तोच ठरवणार. सहा महिने परक्या गावाला, परक्या माणसाबरोबर मोळ्या बांधायच्या, आणि त्याच्या शेजारच्या खोपीत झोपायचं. जे तुझ्या जॅकला घरात ठेवायला घाबरत होते, त्यांच्यातल्या एकालाही याची भीती वाटली नाही. तिनं काही वर्षं तुझ्या हाताखाली चेन धुतल्या, ट्यूब काढल्या, ब्रेक घासले. तिला निम्मं काम येत होतं. राहिलेलं निम्मं त्या जॅकवर चढल्याशिवाय येणार नव्हतं. जॅक गेला असता तर सुमन गेली असती. माझा हट्ट काय तो एवढाच होता.

याच हट्टापायी मी तेराव्याचं गावजेवणही केलं नव्हतं. भावकीपुरतं पिठलं-भाकरी केली आणि राहिलेल्या पैशात अंगणाला कोबा टाकून घेतला. गवंड्याला सांगितलं, उतार नको, पाणी साचलं तरी चालेल. त्यानं पातळी लावून दाखवली. तुझ्या तेराव्याला मी गावाला उपाशी ठेवलं असं अजून बोलतात. ठेवलं. रोज सकाळ-संध्याकाळ त्या कोब्यावर मी हंड्यानं पाणी मारत होते, तर जाणारे-येणारे बघायचे. जॅक माझ्या बाजेखाली होता. तात्या भंगारवाल्याला घेऊन आले तेव्हा म्हणाले, "शब्द दिलाय कौसाबाई. काढ बाहेर."

"कोबा वाळू द्या. मग या. येताना चार माणसं आणा."

त्यांनी चार नाही, अर्धी गल्ली आणली.

मी जॅक बाहेर काढला आणि सगळ्यांना सांगितलं की आधी बघा, मग न्या. कोब्याच्या पलीकडे मातीचा पट्टा मी मुद्दाम राखला होता. तिथं तू मांडायचास तसा जॅक मांडला. उतरत्या बाजूला राखेची नवी वीट घातली. तुझी गाडी आणायला सांगितली.

सुमन दारातून ओरडली, "बाई, त्यांची गाडी हाय ती!"

"म्हणूनच. दुसऱ्याची कशी पाडू?"

गाडी सरळ धरायला माणूस हवा होता. कोणी पुढं येईना, लोखंडाजवळ जायला घाबरत होते. मी म्हणाले, "तात्या, तुमी धरा. तुमाला कावळ्याचं कळतं, लोखंडाचंबी कळंल." तात्यांनी दात-ओठ खात हँडल धरलं. मी पायानं दांडा दाबत गेले. रबर इंजिनाखालच्या नळ्यांना टेकलं आहे, सायलेन्सरला नाही, ते वाकून बघितलं. चाक अधांतरी झालं, पिन अडकवली. पट्टे बांधले नाहीत, तू बांधले नव्हतेस म्हणून. मोठ्या नटाला पाना लावला, पान्याला पाईप, पाईपला लांब दोर. मग सगळ्यांना गव्हाणीच्या मागं हाकललं आणि दोर ओढला.

काहीच झालं नाही.

गाडी हलली आणि पुन्हा सरळ झाली. एक पोरगं हसलं. "आज्जी, वीट पक्की हाय की बे!" त्याला बे कोणाला म्हणतोस ते मी नंतर विचारलं. पुन्हा ओढला. वीट तशीच. आता तात्यांच्याही चेहऱ्यावर हसू आलं. म्हणाले, "बघ. विटंचं काय न्हाई. लोखंडातच वाईट हाय."

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, तुझ्यावेळीही असंच झालं असणार. एकदा ओढलंस, टिकली. दुसऱ्यांदा ओढलंस, टिकली. त्याआधी कित्येक दिवस टिकली होती. माणूस आणखी काय समजणार? मी तिसऱ्यांदा दोर ओढला. वीट फुटल्याचा आवाजसुद्धा आला नाही. पायाखालून राख सरकावी तशी ती नाहीशी झाली आणि गाडी आडवी कोसळली, पाईप ओढणारा जिथं बसला असता बरोबर तिथं. तुझ्या गाडीच्या टाकीला पोचा पडला. कोणी हसलं नाही.

मग त्याच माणसांकडून गाडी उचलून घेतली, तोच जॅक कोब्यावर मांडला, खाली काही घातलं नाही. तीच गाडी, तीच पिन. पुढचा ब्रेक दाबून ट्यूबच्या पट्टीनं हँडलला बांधला. दोन्ही बाजूंनी पट्टे, एक भिंतीच्या कडीला, एक खांबाला. "आता ओढा," मी म्हणाले, "ज्याच्या अंगात जोर हाय त्यानं ओढा." दोन गड्यांनी ओढला. गाडी करकरली, पट्टा ताणला, जॅक जागचा हलला नाही. तिसऱ्यांदा ओढला, दहाव्यांदा ओढला. शेवटी मी सांगितलं की खरं तर एवढं ओढायचंच नसतं. नट खालीच ढिला करायचा, गाडी वर गेली की तिला आधी हात लावून हलवून बघायचं, मगच काम करायचं. आणि तिच्याखाली अंग घालायचं नाही, कितीही भरवशाची असली तरी.

तात्या वाकले आणि विटेचा राहिलेला तुकडा उचलला. बोटांत चोळला. त्याचं पीठ झालं. मग म्हणाले, "माझी पोरं ट्रॉलीखाली हीच लावतेत." भंगारवाल्याला हातानं जा म्हणाले. निघताना मात्र माझ्याकडे न बघता बोलले, "शब्द मी दिलता. मोडला त्याचं पाप माझ्या डोक्यावर. तुझं तू बघ." म्हातारा वाईट नाही. त्यांनी तुला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेला नेलं होतं. लोखंडाचा राग तेही तुझ्याच मायेपोटी करत होते. हे मी त्यांना बोलले नाही, तुला बोलते.

दुसऱ्या दिवशी सुमन अंगण झाडत होती. विटेचा चुरा केरसुणीनं गोळा केला आणि तशीच उभी राहिली.

"बाई, ते रोज हिच्यावर चढवायचे?"

"रोज."

"मग रोज कावून न्हाई पडली?"

"रोज पडली असती तर एका दिवसात शहाणा झाला असता."

ती मटकन खाली बसली आणि तुझ्या नावानं रडली. नदीवर रडली होती ते वेगळं. आता ती तुला शिव्या देत रडली. डोकं फिरलं होतं का, एक पट्टा बांधायला काय झालं होतं, मला सांगू नका म्हणत होते, मी कोण परकी होते का. मी मध्ये पडले नाही. एवढे दिवस तिला तुझ्यावर रागवायची सोय नव्हती. रडून झाल्यावर तिनं तोंड धुतलं आणि विचारलं, दांडा किती दाबायचा. मी दाखवलं. तिचा पाय दोनदा दांड्यावरून निसटला. तुझीच गाडी चढवली, उतरवली, पुन्हा चढवली. पोरगी शाळेतून आली तर दारात दप्तर घेऊन उभी. सुमननं तिला जागच्या जागी थांबवलं.

गाड्या लगेच आल्या नाहीत. लोक घाबरत होते, कोणी उघड म्हणायचे, कोणी दुसऱ्या गावचं नाव सांगायचे. मी दारात बसून होते. ज्याला जायचं त्यानं जावं. तुझी आठवण यायची ती या वेळी, कारण असल्या लोकांवर मागून बोलायला तुझ्यासारखा कोणी नव्हता. सुमन बोलत नाही. तू एकेकाची चाल करून दाखवायचास आणि मी भाकरी थापताना हसायची. ते आता नाही. त्याच्यावर काही औषध नाही हेही मला माहीत आहे. म्हणून त्याचं फार सांगत नाही.

टोळ्या निघायच्या आधी मुकादम आला. मोटारसायकलवरून उतरला, पाणी मागितलं, आणि मला बाजूला ठेवून सुमनशी बोलायला लागला. "बाई, तुजं बघितलंय मी. धारूरकडचा एक गडी हाय, बायको न्हाई. त्याच्या जोडीला लावतो. माणूस गरीब हाय. परवा ट्रक येईल."

सुमननं तांब्या त्याच्या हातात दिला आणि त्याच्या गाडीभोवती एक चक्कर मारली. मागची चेन बोटानं उचलून बघितली. ती इतकी ढिली होती की खालच्या कव्हराला घासून पांढरी झाली होती. चाक हलवलं, तेही डुगडुगलं.

"ह्याच्यावर घाटातून आलात?"

"मग काय उडत येऊ?"

"परत कसं जाताल?"

मुकादम हसला. मग तिचं तोंड बघून हसायचा थांबला. अंगणातल्या जॅककडे बघितलं. गावात काय बोलतात ते त्यालाही माहीत होतं. म्हणाला, "त्याच्यावर माझी गाडी चढवायची न्हाई. माणूस खाल्लंय त्यानं."

मी तोंड उघडलं होतं. पण सुमन आधी बोलली, आणि काय बोलली ते तू ऐकायला हवं होतंस.

"त्यानं न्हाई खाल्लं. माझ्या नवऱ्यानं वीट लावली होती. चूक त्यांची होती." मग पाना घेऊन त्याच्या गाडीपाशी बसली. "चेन बसवून देते. आन् मी यंदा येत न्हाई. जोडीचं दुसरीकडं बघा."

मुकादमानं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. त्यानं तांब्या खाली ठेवला, चुळबुळ केली, पण गाडी काही ओढून नेली नाही. घाटाची त्यालाही भीती होती.

तिनं मोठा नट जमिनीवरच ढिला केला. त्यासाठी तिला पाईपवर सगळं अंग टाकावं लागलं, पण निघाला. गाडी कोब्यावर घेतली, मुकादमाला हँडल धरायला लावलं. दांडा दाबला, पाय आता निसटला नाही. पिन अडकवली, ब्रेक बांधला, दोन्ही पट्टे ताणले. गाडीला धरून पुढं-मागं हलवून बघितलं, एकदा, आणि पुन्हा एकदा. मग खाली बसायच्या आधी वर बघितलं. मुकादम गाडीच्या डाव्या अंगाला उभा होता, आणि त्याच्या मागं ओट्यावर मी बसले होते.

"सरका," ती म्हणाली. "गाडी वर असताना बाजूला कोणी थांबायचं न्हाई. बाई, तुमीबी."

मुकादम सरकला. मी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि सरकले.